भिंत आणि भाकरी
यहुदी परंपरेतील घर, अंगण आणि रस्त्याची अदब

दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, असा आदेश कुरआनच्या सूरह नूरमध्ये आहे. घरात कोणी नसेल तरी इजाजत मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नये, आणि 'परत जा' असे सांगितले गेले तर मनात राग न धरता परत फिरावे, हेही तेथेच सांगितले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे लहानपणी मदरशात किंवा आजीजवळ बसून ऐकलेले असते. आपण ते किती पाळतो, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

अहले किताबमधील यहुदी समाजाने घराच्या पावित्र्याचा आणि चारचौघांच्या जागेचा विचार किती बारकाईने केला आहे, हे मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. यहुद्यांचा विषय निघाला की बोलणे लगेच राजकारणाकडे वळते. या लेखात आपण त्यांच्या धर्मग्रंथांतील घर, अंगण, गच्ची आणि रस्ता पाहणार आहोत. चाळीत, गल्लीत, सोसायटीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्यात घेण्यासारखे बरेच काही आहे.

आधी ग्रंथांविषयी दोन शब्द. यहुद्यांच्या शरीअतीचा पाया म्हणजे तौरात. त्यावरचे तोंडी चालत आलेले नियम इसवी सन २०० च्या सुमारास 'मिश्ना' या ग्रंथात एकत्र करण्यात आले. मिश्नावर पुढे काही शतके झालेली चर्चा म्हणजे तलमूद. त्यातला अधिक मान्यता पावलेला तलमूद इराकमध्ये, दिजला आणि फुरात नद्यांच्या प्रदेशात तयार झाला. १२व्या शतकात मूसा इब्न मैमून या विद्वानाने हा सगळा कायदा विषयवार मांडला. कुर्तुबात जन्मलेले आणि सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या काळात इजिप्तमध्ये नामवंत हकीम असलेले हे गृहस्थ अरबीतही लिहीत. त्यांच्या कायद्याच्या ग्रंथात शेजाऱ्यांच्या हक्कांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

उंबरठ्याबाहेर थांबलेला सावकार

तौरातमधील एक नियम पाहा. एखाद्याने शेजाऱ्याला कर्ज दिले आणि गहाण म्हणून काही वस्तू घ्यायची असेल, तर कर्ज देणाऱ्याने कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही. त्याने बाहेर उभे राहायचे. कर्जदार स्वतः आत जाईल आणि गहाण ठेवायची वस्तू बाहेर आणून देईल. कर्जदार गरीब असेल आणि त्याने पांघरूणच गहाण ठेवले असेल, तर रात्र होण्यापूर्वी ते परत करायचे, म्हणजे त्याला झोपताना अंगावर घेता येईल.

हा नियम लहान दिसतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. वसुलीसाठी दारात आलेला माणूस घरच्यांना केवढा मोठा वाटतो, हे ज्याने कधी कर्ज काढले आहे त्याला सांगायला नको. अशा वेळी तौरात सावकाराचा पाय उंबरठ्यावर अडवते. पैसे त्याचे आहेत, हक्कही त्याचा आहे. तरीही आतली चूल, अंथरूण, बायका-मुलांसमोरची अब्रू यांवर त्याचा हक्क नाही. गरिबाचे घरही पूर्ण घर असते आणि त्याचा उंबरठा श्रीमंताच्या उंबरठ्याइतकाच उंच असतो, असे हा कायदा मानतो.

हे वाचताना पॅलेस्टाईनमधील पाडलेली घरे आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि ती येणे साहजिकच आहे. हा विचार आपल्याच मनात येतो असेही नाही. इस्रायलमध्ये १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'रब्बाईज फॉर ह्युमन राइट्स' या संघटनेतील यहुदी धर्मपंडितांनी पॅलेस्टिनी कुटुंबांची घरे पाडण्यास विरोध केला आणि त्यासाठी आपल्याच धर्मग्रंथांचा आधार घेतला. कोणत्याही परंपरेची कसोटी तिचे नाव घेणाऱ्यांच्या वागण्यावर लागते, हे त्यांनाही मान्य आहे आणि आपल्यालाही मान्य असायला हवे.

हाक देऊन आत यावे

परवानगीचा नियम परक्यापुरताच नाही. तलमूदमध्ये रब्बी अकिवा यांनी आपल्या मुलाला केलेल्या काही उपदेशांची नोंद आहे. त्यातला एक असा की, स्वतःच्या घरातही अचानक शिरू नकोस, मग मित्राच्या घरात तर दूरच. दुसरे एक धर्मपंडित, रब्बी शिमोन बर योहाई, यांनी तर घरात एकाएकी घुसणाऱ्याची गणना अल्लाहला न आवडणाऱ्या लोकांत केली आहे.

ही अदब कोठून शिकावी, याचे त्यांच्या एका जुन्या ग्रंथाने दिलेले उत्तर फार हृद्य आहे. हजरत आदम (अ.) यांच्याकडून चूक घडली आणि ते झाडांच्या आड लपले, तेव्हा अल्लाहने आधी त्यांना हाक दिली, असे तौरातमध्ये आले आहे. ज्याला सर्व काही ठाऊक आहे आणि ज्याच्यापासून काहीच लपत नाही, त्यानेही आधी पुकारले, तर माणसाने दार ढकलून आत जावे काय, असे हे पंडित विचारतात. बैतुल मकदिसमधील मुख्य धर्मगुरूच्या झग्याच्या काठाला सोन्याच्या घंटा असत, त्याकडेही ते असेच पाहतात. तो पवित्र जागेत जाताना घंटांचा आवाज व्हावा, हा तौरातचा आदेश होता. त्यावरून धडा घेऊन रब्बी योहानान आपल्या गुरूकडे जाताना आधी चाहूल देत आणि मगच आत जात.

आपल्याकडेही हेच शिकवले आहे. सूरह नूरमध्येच पुढे घरातल्या मुलांनी आणि नोकरांनी दिवसातून तीन वेळा परवानगी घेऊन मोठ्यांच्या खोलीत जावे, असे सांगितले आहे: फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर. आईच्या खोलीत जातानाही परवानगी मागावी, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. प्रवासातून परतणाऱ्याने रात्री अचानक घरी येऊन थडकू नये, हीदेखील त्यांचीच शिकवण. दोन्ही परंपरांत आपल्या माणसाला आडवेळी, बेसावध अवस्थेत गाठणे हा त्याच्यावरचा अन्याय मानला आहे.

चौकटीवरचा लेख

यहुदी घराच्या दाराला उजव्या बाजूच्या खांबावर, वरच्या भागात, एक लहानशी नळी बसवलेली असते. तिला 'मेझुझा' म्हणतात. नळी लाकडाची, धातूची, काचेची, कशाचीही असू शकते. महत्त्वाचे असते ते आतले चर्मपत्र. त्यावर तौरातमधील दोन उतारे प्रशिक्षित लेखनिकाने हाताने लिहिलेले असतात. अल्लाह एक आहे, त्याच्यावर मनापासून प्रेम करावे, त्याच्या आज्ञा मुलांना शिकवाव्यात आणि दाराच्या चौकटीवर लिहाव्यात, असा त्यांचा आशय आहे. अनेक जण आत-बाहेर करताना मेझुझाला हात लावून तो हात ओठांना लावतात. हा लेख घराच्या मुख्य दारावर असतो आणि आतल्या खोल्यांच्या दारांवरही असतो. न्हाणीघर आणि संडास यांना मात्र तो लावत नाहीत.

मेझुझा कसा लावावा यावरून एक गमतीदार मतभेद झाला होता. ११व्या शतकातील फ्रान्सचे मोठे विद्वान राशी यांचे मत होते की तो उभा लावावा. त्यांचे नातू याकोब ताम यांचे म्हणणे पडले की आडवा लावावा. युरोपातील यहुद्यांनी मधला मार्ग काढला आणि तो तिरका लावायला सुरुवात केली. आजही त्यांच्या दारांवर तो तिरकाच दिसतो. घरात शिरताना पहिली गोष्ट दिसते ती दोघांचा मान राखणारी तडजोड, हे काही वाईट नाही.

आणखी एक नियम भाडेकरूंसाठी आहे. घर सोडताना पुढे तेथे यहुदीच राहायला येणार असेल, तर मेझुझा काढून न्यायचा नाही. सामान आपले, पण घराची बरकत पुढच्यासाठी ठेवून जायची. जाताना बल्बसुद्धा काढून नेणाऱ्यांनी या नियमाचा जरूर विचार करावा.

नजरेनेही इजा होते

आता येतो या सगळ्या विषयाचा गाभा. मिश्नाच्या काळात चार-सहा घरे एका चौकाभोवती असत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखी किंवा चाळीसारखीच ही रचना. चौकातच दळण, धुणे, स्वयंपाक, मुलांचे खेळ चालत. तेव्हा असा प्रश्न उभा राहिला की, चौकाच्या दोन भागीदारांपैकी एकाला मध्ये भिंत हवी असेल आणि दुसऱ्याला नको असेल, तर पहिला त्याला भाग पाडू शकतो का? भिंत नसल्याने नुकसान ते काय होते? काही चोरीला जात नाही, काही मोडत नाही. फक्त एकाची नजर दुसऱ्याच्या वावरावर पडते.

तलमूदमध्ये यावर दोन्ही बाजूंनी मोठा वाद आहे. शेवटी जो निर्णय रूढ झाला तो असा की, नजरेने होणारी इजा हीदेखील खरी इजा आहे. चौक वाटून घेण्याइतका मोठा असेल तर भिंत बांधणे दोघांवर बंधनकारक आहे. भिंतीची उंची चार हात, म्हणजे उभ्या माणसाला पलीकडचे दिसणार नाही इतकी, सुमारे सहा फूट. मिश्ना हिशेबही देते. भिंत अनघड दगडाची असेल तर जाडीसाठी प्रत्येकाने आपल्या जागेतून तीन मुठी द्याव्यात, घडीव दगडाची असेल तर अडीच, विटांची असेल तर दीड. पुढेमागे भिंत पडली तर जागा आणि दगड दोघांचे समान.

खिडक्यांचे नियमही असेच बारीक आहेत. सामाईक चौकाकडे नवी खिडकी उघडता येत नाही. समोरच्याच्या दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी काढता येत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीजवळ भिंत बांधायची तर तिच्यापेक्षा चार हात उंच किंवा चार हात खाली ठेवावी, म्हणजे भिंतीवर चढून वा ओणवे होऊन कोणी आत डोकावणार नाही. समोर बांधायची तर चार हात अंतर सोडावे, म्हणजे शेजाऱ्याचा उजेड अडणार नाही. डोकावण्याच्या हक्काबाबत तर काही मोठ्या विद्वानांनी असे ठरवले आहे की, शेजारी वर्षानुवर्षे गप्प राहिला तरी तो हक्क 'वहिवाटीने' मिळत नाही. उघड्या खिडकीसमोर माणूस दिवसभर डोळे मिटून बसू शकत नाही, तेव्हा ती खिडकी रोजच इजा करत राहते.

दारासमोर दार नको, या नियमाला तलमूद जुन्या काळातल्या एका प्रसंगाचा आधार देतो. हजरत मूसा (अ.) यांच्यासोबत बनी इस्राईल वाळवंटात तंबू ठोकून राहत होते. त्यांना शाप देण्यासाठी बिलाम नावाच्या माणसाला बोलावले होते. त्याने डोंगरावरून त्यांच्या वस्तीकडे पाहिले आणि शापाऐवजी त्याच्या तोंडून स्तुती निघाली. त्याने असे काय पाहिले? रब्बी योहानान सांगतात, त्या तंबूंची दारे एकमेकांसमोर नव्हती. धनदौलत नाही, फौज नाही, शत्रूचे मन बदलले ते शेजाऱ्याची आबरू राखण्याच्या या रीतीने.

सहीह बुखारीत एक हदीस आहे. कोणी प्रेषितांच्या (स.) घराच्या दाराच्या फटीतून आत पाहत होता. तेव्हा त्यांनी फार कडक शब्दांत त्याला समज दिली आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच घातला आहे, असे स्पष्ट केले. पाऊल बाहेर ठेवून नजर आत पाठवणे म्हणजे घरात घुसणेच होय. चौदाशे वर्षांपूर्वीचा मदीना आणि त्याआधीचा यहुद्यांचा चौक, दोन्हीकडे हा मुद्दा सारखाच ठेवला आहे. आज सीसीटीव्ही कॅमेरा आपल्या दारावर बसवताना त्याचे तोंड समोरच्या घरात जाते का, हे पाहण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची आहे. समोरच्याने तक्रार करीपर्यंत थांबू नये.

दुसऱ्याचे पत्र

जर्मनीतील माइन्झ शहरात सुमारे एक हजार वर्षांपूर्वी रब्बी गेर्शोम नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. त्यांच्या नावावर काही कडक सामाजिक बंधने सांगितली जातात. त्यातले एक असे की, दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीशिवाय वाचू नये. जो वाचेल त्याच्यावर समाजाचा बहिष्कार. त्या काळी पत्रे व्यापारी आणि प्रवाशांच्या हाती पाठवली जात. ज्याच्या हाती पत्र आहे त्याला ते उघडणे सहज शक्य होते. म्हणूनच या बंधनाची गरज पडली. काही यहुदी आपल्या पत्रांच्या बाहेर या बंधनाची आठवण देणारी अक्षरेही लिहीत.

आज पत्रे थांबली आणि सगळी पत्रे एका मोबाइलमध्ये येऊन बसली. नवरा बायकोचा फोन तपासतो, सासू सुनेचा, थोरला भाऊ बहिणीचा. कारण विचारले तर 'काळजी' असे उत्तर मिळते. लहान मुलांवर लक्ष ठेवणे हे आई-बापांचे कर्तव्य आहेच, आणि ते मुलांना सांगून, त्यांच्या देखत करता येते. पण मोठ्या माणसाच्या पाठीमागे त्याचे संदेश चाळणे ही हेरगिरी आहे आणि सूरह हुजुरातमध्ये हेरगिरीला स्पष्ट मनाई आहे. तेथेच संशय आणि चहाडी यांनाही मनाई केली आहे. आधी संशय, मग हेरगिरी, मग चहाडी, या एकामागोमाग येणाऱ्या पायऱ्या आहेत, हे घरोघरचा अनुभव सांगतो.

अंगणाची भाकरी

इथवर वाचून वाटेल की ही परंपरा फक्त भिंती बांधायला शिकवते. तसे नाही. त्याच चौकाला एकत्र आणणारा नियमही तिच्यात आहे.

यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. या दिवशी घरातली वस्तू उचलून सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. धर्मपंडितांनी हा नियम सामाईक चौकालाही लावला. मग मुलाला कडेवर घेऊन शेजारी जायचे कसे, कालवणाचे भांडे पलीकडे द्यायचे कसे? त्यावर त्यांनी एक उपाय ठेवला आहे. त्याला 'एरुव' म्हणतात. तलमूद या प्रथेचा संबंध हजरत सुलैमान (अ.) यांच्याशी जोडतो.

चौकातल्या प्रत्येक घराने शब्बाथ सुरू होण्यापूर्वी एक रोटी द्यायची. सगळ्या रोट्या एका घरात ठेवायच्या. सगळ्यांचे अन्न एकत्र आले म्हणजे सगळी घरे एक झाली, चौकही सर्वांचा एकच झाला, आणि आता वस्तू इकडून तिकडे नेता येतात. यात एक अट आहे. रोटी लहान असली तरी चालेल, पण अख्खी हवी. मोठ्या रोटीचा तुकडा चालत नाही. कारण तलमूदच सांगतो: एकाने अख्खी दिली आणि दुसऱ्याने तुकडा दिला, तर 'मी एवढे दिले, तू एवढेच' यावरून भांडण लागेल. शेजाऱ्यांचा स्वभाव ओळखूनच हा नियम केलेला दिसतो.

एका घराने रोटी दिली नाही तर सगळ्या चौकाचे अडते, त्या घराने आपला हक्क इतरांच्या हवाली केला तरच मार्ग मोकळा होतो. चौकात दुसऱ्या धर्माचे कुटुंब असेल तर त्याला नाममात्र भाडे देऊन त्याची संमती घ्यावी लागते. म्हणजे जागा सर्वांची करायची तर कोणालाही वगळून चालत नाही, रुसलेल्यालाही नाही आणि परधर्मीयालाही नाही. आज न्यूयॉर्क, लंडन, जेरुसलेम अशा शहरांत खांब आणि तारांनी वेढलेल्या वस्त्यांसाठी एरुव केला जातो, पण त्याचे मूळ या चौकातल्या रोटीत आहे.

जेरुसलेमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या तलमूदमध्ये यासंबंधी एक गोष्ट आहे. एका बाईचे शेजारणीशी वाकडे होते. दोघींचे बोलणे बंद. एरुवचा दिवस आला, तेव्हा रोटी तर द्यायलाच हवी. तिने स्वतः न जाता आपल्या मुलाच्या हाती ती पाठवली. शेजारणीने रोटी घेतली, मुलाला जवळ ओढले, कुरवाळले, त्याचे मुके घेतले. मुलाने घरी येऊन आईला सगळे सांगितले. आई थबकली. हिच्या मनात आपल्याविषयी इतकी माया आहे आणि आपल्याला पत्ताही नाही, असे तिला वाटले. दोघींचा अबोला तेथेच संपला. एरुवची प्रथा शेजाऱ्यांत सलोखा राहावा म्हणून आहे, असे सांगताना धर्मपंडितांनी हीच गोष्ट पुढे ठेवली आहे.

कालवणात पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्यांनाही द्यावे, असे प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. त्या हदीसमागचा हेतू हाच. भांडे शेजारच्या घरी जाते, तेव्हा पोट भरते ते तर खरेच, पण बंद झालेले दारही उघडते.

दगड कोणाच्या जागेतून कोणाच्या जागेत?

अंगणापलीकडे रस्ता येतो. तलमूदमध्ये एक माणूस आपल्या शेतातले दगड वेचून रस्त्यावर टाकत होता. एका सत्पुरुषाने त्याला हटकले की, जी जागा तुझी नाही तिच्यातून दगड काढून जी तुझी आहे तिच्यात का टाकतोस? माणूस हसला, त्याला हे उलटेच वाटले. पुढे दिवस फिरले, शेत विकावे लागले. एकदा त्याच रस्त्याने जाताना त्याच दगडांना ठेचकाळून तो पडला. तेव्हा त्याला कळले की शेत आज आहे, उद्या नाही, रस्ता मात्र कायम त्याचा होता.

त्या काळचे धार्मिक लोक घरातल्या काचा आणि काटे आपल्याच शेतात तीन मुठी खोल पुरत, म्हणजे नांगराने वर येणार नाहीत. इराकमधले एक पंडित ते जाळून टाकत, दुसरे दिजला नदीत सोडत. गच्चीला कठडा बांधणे हा तौरातचा हुकूम आहे. इब्न मैमून सांगतात की कठडा किमान दहा मुठी उंच आणि अंग टेकले तरी न ढळणारा हवा, आणि हाच नियम उघडी विहीर व इतर प्रत्येक धोक्याच्या जागेला लागू आहे. घर तुमचे असले तरी तेथे येणाऱ्याचा जीव तुमच्याकडे अमानत आहे, असा याचा अर्थ. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणारी मुले पाहिली की हा हुकूम किती आजचा आहे ते कळते.

रब्बी यन्नाई यांची हकिकतही सांगण्यासारखी आहे. त्यांच्या झाडाची फांदी रस्त्यावर आली होती. दुसऱ्या एकाचेही झाड तसेच होते आणि लोक तक्रार घेऊन त्यांच्याकडेच न्यायासाठी आले. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. रात्रीत त्यांनी आधी आपले झाड तोडून घेतले आणि दुसऱ्या दिवशी निकाल दिला की तुझेही तोड.

आपल्या दीनमध्ये रस्त्यातला त्रासदायक अडथळा दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली आहे. इमारतीच्या जिन्यात जुने कपाट, सायकल, राडारोडा ठेवून आपण नमाजला जातो, तेव्हा या शाखेचे काय होते?

समाजाचे घर

यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात. मिश्नाच्या नियमांप्रमाणे ते पडके झाले तरी त्याचा मान संपत नाही. तेथे दोर वळायचे नाहीत, जाळी पसरायची नाहीत, छपरावर फळे वाळत घालायची नाहीत, मधून जवळची वाट म्हणून जायचे नाही. ऊन किंवा पाऊस चुकवण्यासाठी आत शिरू नये, असे तलमूद सांगतो. एका वृद्ध पंडिताला दीर्घायुष्याचे रहस्य विचारले, तेव्हा त्याने जी कारणे दिली त्यात दोन अशी होती: मी सिनेगॉगला कधी आडवाट केली नाही, आणि बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून ओलांडून कधी पुढे गेलो नाही. जुम्याला उशिरा येऊन लोकांच्या खांद्यांवरून पहिल्या सफमध्ये जाऊ नये, हे आपणही खतीबांकडून ऐकत असतो.

आपल्या महाराष्ट्रात तर या समाजाशी जुना शेजार आहे. कोकणातले बेने इस्राईल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे रायगडच्या गावांवरून पडली. आपल्या सिनेगॉगला ते 'मशीद' म्हणत. मुंबईतली त्यांची पहिली 'मशीद' १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधली. टिपू सुलतानच्या फौजेने त्यांना कैद केले होते आणि कुरआनमध्ये बनी इस्राईलचा उल्लेख आहे म्हणून त्यांना जीवदान मिळाले, सुटकेचा शुकराना म्हणून त्यांनी ती उभारली, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. नवसफेडीला त्यांच्या घरी मलिदा होतो आणि त्या वेळी हजरत इलियास (अ.) यांचे नाव घेतले जाते.

गेल्या शतकात त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. पण त्यांच्या जागा अजून आपल्या शेजारी आहेत. मुंबईत भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातील शाळेत शिकणारी बहुसंख्य मुले मुस्लिम घरांतील आहेत. कोलकात्याच्या जुन्या सिनेगॉगची देखभाल तर पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम सेवकांनी केली आहे. दुसऱ्याची पवित्र जागा आपल्या हाती अमानत म्हणून आली की तिचा मान कसा राखायचा, हे त्या सेवकांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

आपल्या घरात

भिंत आणि भाकरी या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच शेजार टिकतो. भिंत असेल आणि भाकरी नसेल तर माणसे एकाच मजल्यावर राहून परकी होतात. भाकरी असेल आणि भिंत नसेल तर आपुलकीच्या नावाखाली एकमेकांच्या घरात डोकावणे सुरू होते. आपल्या मोहल्ल्यांत दुसरी गोष्ट अधिक घडते, नव्या सोसायट्यांत पहिली.

सुरुवात घरापासूनच करता येईल. मोठ्या झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या खोलीत जाताना दार वाजवावे. जागा एकच असेल तर निदान पडदा सरकवण्यापूर्वी हाक द्यावी. मुलांना परवानगी मागायला शिकवायचे असेल, तर आधी त्यांच्याकडे परवानगी मागावी. फोन पत्रासारखा समजावा. उधारी मागायला गेलो तर बायका-मुलांसमोर आवाज चढवू नये, माणसाला बाहेर बोलवून बोलावे. जिन्यातला राडारोडा या आठवड्यात उचलावा, आणि रब्बी यन्नाईंप्रमाणे आधी आपला.

आणि ज्या घराशी बोलणे बंद आहे, तेथे एखाद्या संध्याकाळी मुलाच्या हाती एक भांडे पाठवून पाहावे. तुकडा नको, अख्खे.